निळ्या रेषेचा दगड

१२ मे

आज दुपारी कणकवलीहून एसटीने उंडलवाडीला पोचलो. पत्र्याची पेटी आत घ्यायला कंडक्टर कुरकुरत होता, म्हणून सबंध रस्ता ती मांडीवर धरून बसलो. दोनदा वाटले की चष्मा घरीच राहिला. दोन्ही वेळा तो खिशातच होता.

फाट्यावर माझी मुलगी संचिता स्कूटर घेऊन उभी होती, आणि पुढे माझी नात सृष्टी. सात वर्षांची आहे, जूनमध्ये दुसरीत जाईल. मधे पेटी, मागे मी. भीतीने मी डोळे मिटले होते. सृष्टी मागे वळून ओरडली, "आजोबा, डोळे उघड रे, आमी अजून पडाक नाय!" पुढचा सगळा रस्ता दोघी हसत होत्या. मलाही हसू आले.

घर चिऱ्याचे, वर कौले, पुढे पडवी. नदी तिथून ऐंशी पावलांवर. मी लगेच मोजले. बत्तीस वर्षे घाटरस्त्यावर मैलकुली होतो. गटारे उपसणे, किलोमीटरचे दगड रंगवणे हे काम, त्यामुळे कुठेही गेलो की पावले मोजतो. रोजच्या कामाच्या दोन ओळी लिहून ठेवायची सवयही आमच्या मुकादमाने लावलेली. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण वही कधी सुटली नाही.

रात्रीला बांगड्याचे तिखले होते. जावई मितेश हंगामात देवबागला पर्यटकांची होडी चालवतो. तो म्हणाला, बाबा, आता एकट्याने तिकडे राहायचे नाही, इथेच राहायचे. मला फार बरे वाटले. सिलिंडरचे बटण तेवढे दोनदा बघून आलो.

१४ मे

मितेशने ठेकेदाराला सांगून मला काम मिळवून दिले आहे. पाटबंधारे खात्याने नदीच्या दोन्ही काठांना पूररेषेचे दगड रोवलेत. निळ्या रेषेपर्यंत नदी पंचवीस वर्षांत एकदा येणार असे धरतात, लाल रेषेपर्यंत शंभर वर्षांत एकदा. निळीच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. दगडांचा रंग उडालाय, तो मी द्यायचा. पावसात पुलाच्या खांबावरची मोजपट्टी दिवसातून तीनदा वाचून फोन करायचा. दगड रंगवायचे म्हणजे माझेच काम. मी खूश आहे.

शेजारी हौसाबाई राहते. ऐंशी तरी असेल, अजून खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढते आणि बाजारात विकते. माझ्या हातात ब्रश बघून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मैलकुली इलो गो! आता नदीक किलोमीटर लावतलो!"

पण बाई जाणती आहे. घरामागचा भाताचा मळा विळ्यासारखा वाकडा आणि सखल का, ते तिने सांगितले. नदी पूर्वी तिथून वाहायची. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याला जोर असतो, तिथे ती काठ खाते आणि आतल्या अंगाला वाळू टाकते. असे करत करत ती सरकते. समोरच्या काठावर पूर्वी बारा घरांची वाडी होती, ती अशीच गेली, आणि आपण बसलोय ती जमीन अशीच आली. हौसाबाई म्हणाली, "ती एका जाग्यार रवणा नाय. हयसर खाता, थयसर ओकता."

म्हणजे हे घर नदीच्या जुन्या पात्रात आहे. हे ऐकल्यापासून मला जरा चैन नाही.

१८ मे

आठ दगड झाले. सगळे सिमेंटचे आहेत, फक्त नऊ नंबरचा वेगळा. काळा, कमरेएवढा, वर शेंदराचे जुने डाग. हा गावाचाच दगड. दरवर्षी मृगाच्या दिवशी मानकरी इथे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतो आणि नदीला तिची हद्द सांगतो. खात्याची माणसे मोजणीला आली तेव्हा त्यांची निळी रेषा नेमकी याच दगडावरून गेली. म्हणून त्यांनी दुसरा रोवला नाही, यावरच नंबर घातला.

या दगडापासून बघितले तर आपले घर रेषेच्या आत येते. अकरा पावले आत.

संध्याकाळी संचिता रडत होती. पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायचा त्यांचा अर्ज आहे. परवानगी नाही मिळाली तर मितेश गोव्याला बोटीवर जाणार, सहा-सहा महिने. सृष्टी ताटावर बसून ऐकत होती. खात्याचे साहेब सव्वीस तारखेला बघायला येणार आहेत.

मला झोप लागत नाही. अकरा पावले म्हणजे काय असते? गाय वळते तेवढी जागा.

२२ मे

दुपारी सगळे पडले होते तेव्हा मी पहार घेऊन गेलो.

आमच्या गँगला एक गोष्ट माहीत असते. दगड उचलायचा नसतो, चालवायचा असतो. एका कोपऱ्यावर कलवायचा, फिरवायचा, दुसऱ्या कोपऱ्यावर कलवायचा. माणसासारखा चालतो तो. दगड हातभरच पुरलेला होता. दोन तासांत मी तो नदीच्या बाजूला चौदा पावले नेला. अकरा पुरली असती, पण माझा स्वभाव भित्रा, तीन जास्तीची घेतली. नवीन जागी पुरला, जुना खड्डा बुजवला, वर माती-पाला पसरला. मग दगडाला खालपर्यंत नवा निळा रंग दिला.

कोणी बघितले नाही. घरी येऊन हात-पाय धुतले आणि उन्हे कलेपर्यंत खाटेवर पडून राहिलो. संचिताने विचारले, मी म्हटले ऊन लागले.

२६ मे

साहेब आले. घाईत होते. नऊ नंबरचा दगड बघितला, तिथून पायरीपर्यंत टेप धरला, मोबाईलवर फोटो काढला. घर रेषेबाहेर आहे म्हणाले.

संचिताने शिरा केला. सृष्टी अंगणात गोल गोल फिरत होती. एवढा आनंद या घरात असताना मी कशाला घाबरायचे, असे मी स्वतःला सांगतो.

७ जून

आज मृग. हे असे होईल हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

गावचा मानकरी बाळा पंचाहत्तरीचा आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गाऱ्हाण्याला वीसेक माणसे होती, पण चिखल झालेला म्हणून बाळाला हात कोणी द्यायचा असा प्रश्न आला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितले, कारण दगडांचे काम माझ्याकडे. मी त्याचा हात धरून त्याला दगडापर्यंत नेले. नवीन जागी. लोकांनी जागा बघितलीच नाही. दगड जिथे तिथे जागा, असेच सगळे धरून चालतात.

बाळाने नारळ ठेवला आणि मोठ्याने गाऱ्हाणे घातले. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या दगडापासून खाली तुझा, ह्या दगडापासून वर आमचा. तू आमच्यात येव नको, आमी तुझ्यात येवचव नाय!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो. सृष्टी सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

परतताना बाळाने दगडावर हात ठेवला आणि जरा थांबला. म्हणाला, "औंदा दगड गार लागता रे." मी म्हटले, नवीन रंग आहे.

२९ जून

पाऊस नेमाने आहे. मी सकाळी सहाला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला मोजपट्टी वाचतो. पाणी दोन मीटर चाळीसच्या आसपास असते. इशाऱ्याची खूण चार मीटरवर. फोनवरचा माणूस आकडा लिहून घेतो आणि ठेवून देतो.

सगळे ठीक आहे. नदी भरून वाहते पण शहाण्यासारखी वाहते. हौसाबाई म्हणते, पूर डोंगरातून एकटा आला तर भय नाही, समुद्राचे उधाण त्याला मुखाशी आडवे आले की पाणी मागे फिरते आणि वाडीत शिरते. म्हणून ती तिथी बघून झोपते. मीही कॅलेंडर खाटेशेजारी लावले आहे.

खोल्यांचा पाया खणून झाला. खाली सगळी गुळगुळीत गोटे असलेली वाळू लागली. नदीतली असते तशी.

१२ जुलै

पडवीच्या भिंतीवर एक रेघ आली आहे. जमिनीपासून चार बोटे वर, राखी गाळाची, दोरी धरून मारल्यासारखी सरळ. पूर ओसरल्यावर भिंतीवर खूण राहते ना, तशी. पण पूर आलाच नाही. रात्रभर पाऊससुद्धा नव्हता.

मी फडक्याने पुसली. बोटाला बारीक शिंपा लागल्या, तांदळाच्या कणीएवढ्या.

१३ जुलै

रेघ पुन्हा आली. आज आठ बोटांवर. आता स्वयंपाकघरात पण आहे. फ्रीजवर, सिलिंडरवर, तांदळाच्या डब्यावर. डबा उघडून बघितला, तांदूळ कोरडा. संचिता म्हणाली, मितेशचे चिखलाचे पाय असतील. मितेश म्हणाला, मी काय भिंतीवर चालतंय? दोघे हसली. मी पुसत बसलो.

१४ जुलै

सकाळी सृष्टी आंघोळीला मोरीत उभी राहिली. तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर रेघ होती.

संचिताने साबणाने घासली, गेली. मग मी दार लावून माझा लेंगा वर केला. माझ्याही पायावर. जमिनीपासून बरोबर एक वीत, म्हणजे बारा बोटे. सृष्टीच्या पायावरही जमिनीपासून एक वीत. भिंतीवरही.

हौसाबाईच्या घरी जाऊन तिच्या पायांकडे बघितले. तिच्यावर काही नाही. ती म्हणाली, "मेल्या, ह्या वयात पाय कित्याक बघतंस माझे?" मी तसाच घरी परतलो.

१५ जुलै

गवंड्याकडून पाण्याची नळी आणली, पातळी बघायची असते ती. पडवी, माजघर, स्वयंपाकघर, सगळीकडे धरली. रेघ केसभरही चुकलेली नाही. हात माणसाचा असता तर कुठे तरी हलला असता.

पाणी मात्र कधी चुकत नाही.

१७ जुलै

दोन विती. रोज चार बोटे चढते.

रेघेच्या खाली आमची कातडी गार असते. सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होते तशी. पुसले तरी कोरडी होत नाही. मितेशचे पाय, संचिताचे पाय, माझे. सृष्टी मांड्यांपर्यंत पांढरी पडली आहे. तालुक्याच्या डॉक्टरने मलम दिले आणि पाय कोरडे ठेवा म्हणाला.

आता घरात कोणी हसत नाही.

आज दुपारी एकटाच गुपचूप खोल्यांच्या पायावर गेलो. खणलेल्या चरातल्या वाळूत पाणी आले आहे. नितळ. आणि ते वाहते आहे. उगमाकडून मुखाकडे, हळूहळू, चराच्या या टोकाकडून त्या टोकाला.

१८ जुलै

आज भीत भीत हिशोब केला. सृष्टीला भिंतीला टेकून उभी केली आणि विती लावल्या. ओठापर्यंत चार विती चार बोटे. आज रेघ दोन विती चार बोटांवर आहे. रोज चार बोटे.

सहा दिवस. चोवीस तारीख.

चोवीसला अमावास्या आहे. उधाण. कॅलेंडर मी खाटेशेजारून काढून उलटे ठेवले आहे.

आम्ही मोठी माणसे उंच आहोत. आमच्या ओठांपर्यंत यायला रेघेला अजून बरेच दिवस लागतील. तीच तेवढी लहान आहे.

१९ जुलै

खात्याला फोन केला. म्हटले, घरात पाणी येते आहे. त्याने पुलावरचा आकडा विचारला. दोन मीटर चाळीस. तो म्हणाला, मग आजोबा, पाणी कुठून येणार? मी म्हटले, अजून आलेले नाही, पण खूण आली आहे. त्याने आकडा लिहून घेतला. मग घरी कोणी तरुण माणूस असेल तर त्याला फोन द्या म्हणाला. चांगला माणूस आहे. पण त्याच्या पट्टीवर हे दिसत नाही.

२० जुलै

तीन विती. संचिता सृष्टीला घेऊन कणकवलीला गेली, मितेशच्या बहिणीकडे, आकांक्षाकडे. तिचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मी म्हटले, गावाबाहेर गेली की उतरेल.

बसमध्ये चढताना सृष्टीला धाप लागली. छातीवर कोणी तरी बसले आहे म्हणाली. मी म्हटले, चढ होता ना, म्हणून.

रेषा पार केल्यावर सुटेल. सुटायला हवी.

२१ जुलै

नाही उतरली. दुसऱ्या मजल्यावर आहे तरी जमिनीवर उभी केली की तीन विती चार बोटे. जमीन कुठलीही असो.

फोनवर तोंड दाखवले तिने. ती आता हनुवटी वर करून बसते. कोणी सांगितलेले नाही. जेवतानासुद्धा. आकांक्षाने मान खाली घालायला सांगितली तर खोकला सुटला. तोंडातून पाणी आले. मचूळ.

मी करून बसलो आहे हे. कुणाला तरी सांगितले पाहिजे.

२२ जुलै

बाळाकडे गेलो. सगळे सांगितले. चौदा पावले, पहार, खड्डा, सगळे.

मला वाटले तो ओरडेल. तो ओरडला नाही. मृगाला माझा हात ज्या हातात धरला होता तो त्याने धोतराला पुसला. पुसतच राहिला. माझे नाव घेऊन म्हणाला, "बाबलीनू, तुमी माझो हात धरून माका थंय नेलात. शब्द माझ्या तोंडातसून गेलो. आता तो माघारी येवचो नाय."

मी रडलो. विचारले, नदी एवढी का रागावली एका पोरीवर? तो म्हणाला, "नदी रागावणा नाय. ती फक्त आपला मोजून घेता." आपण तिची चौदा पावले घेतली. ती ती पावले कुठून तरी भरून काढणार. ज्या घराने घेतली त्या घरातून.

म्हणाला, अमावास्येची भरती बाराला पुरी होते. त्याच्या आत जुन्या जागी दगड उभा हवा. मग तो पुन्हा गाऱ्हाणे घालेल, खरे.

मितेशला मी संध्याकाळी सांगितले.  तो पहार घेऊन बाहेर गेला.

२३ जुलै

चार विती. तिच्या मानेवर.

दगड निघत नाही. मी हातभरच पुरला होता. आम्ही कमरेएवढे खणले. दगड खाली चालूच आहे. मितेशने छातीएवढे खणले. खालीही निळा रंग आहे. मी दिलेला नाही एवढ्या खाली. ओला आहे अजून.

होडी ओढायची चेन-पुली लावली. माडाला. माड वाकला. दगड तसाच.

जुन्या जागी खड्डा उकरला. पाण्याने भरला. बांबू घातला, वीस फुटी, तळ नाही. मितेश म्हणाला, दुसरा दगड ठेवू. चिरा टाकला. गेला. दुसरा. गेला. अकरा चिरे गेले, एकाचाही आवाज नाही.

मग चिखलावरून माझा पाय घसरला. मी खड्ड्यात पडलो.

माझे पाय टेकले.

गुडघ्याएवढ्या पाण्यात मी उभा होतो. त्याच खड्ड्यात. मितेश काठावरून नुसता बघत होता. त्याने बांबू माझ्या पायाशेजारी घातला. बांबू पुरा आत गेला.

तेवढ्यात फोन. संचिता ओरडत होती, बाबा, तिने मान खाली केली, पाणी मागते, रेघ पुसट झाली! मी बाहेर आलो, तिला नीट ऐकावे म्हणून. ती बोलता बोलता थांबली. म्हणाली, परत आली. मान परत वर केली तिने.

मितेश माझ्याकडे बघत नव्हता. मीच म्हटले. मी म्हटले, मला कळले रे. तू बोलू नको.

२४ जुलै

सकाळ. सात
सिलिंडर बंद केला. तीनदा बघितला. वही आणि पेन बरोबर घेतले. पाऊस नाही. ऊन आहे, चांगले.

आठ
बाळा आला. हौसाबाई पण. बाळाने विचारले, "थंय उभे रवशात मां?" मी हो म्हटले. माझा हात धरून त्याने मला नेले. डोळे नसताना बरोबर नेले. हौसाबाईने माझ्या कपाळाला शेंदूर लावला. 

खड्ड्यात उतरलो. पाय टेकले. गुडघ्यापर्यंत पाणी.

बाळाने गाऱ्हाणे घातले. दगड म्हणाला नाही. माझे नाव घेतले.

नऊ
संचिताचा फोन. सृष्टीची रेघ गेली. पाय कोरडे. पेज खाल्ली तिने. दोन वाट्या.
माझी रेघ कमरेवर आहे. पाणी गुडघ्यापर्यंतच. बाकी सगळे कोरडे, बनियन कोरडे. पण रेघेखाली गार.

दहा
मितेशला राहवले नाही. बगलेत हात घालून ओढले त्याने. मी हललो नाही. रडत ओढत होता. मला दुखलेही नाही. खाली मी किती आहे ते मला कळत नाही—

त्याला म्हटले, बाजूला हो. माझ्या वरच्या अंगाला थांब. खाली नको.

साडेदहा
छाती. धाप. सृष्टी म्हणाली होती, कोणी बसले आहे. तसेच. बरोबर तसेच.
ती चार दिवस हे सोसत होती आणि मी तिला चढ होता म्हणालो.

मितेशला सांगितले, खोल्या नको. पाया बुजव. कोणी निजू नका तिथे—

अकरा
पूल दिसतो इथून. पट्टी दिसते. दोन चाळीस. फोन करायला पाहिजे होता आज. मितेश करतो म्हणाला. आकडा बरोबर सांग म्हटले.
मान

साडेअकरा
नदी नव्वदेक पावलांवर. तिकडेच आहे. सगळे कोरडे. हौसाबाई दूर बसली आहे. डोक्यावर पदर.
हात वर धरून लिहितो

तोंड उघडता येत नाही. आत येते. मचूळ
सृष्टी फोनवर आहे. तोंड बघायचे म्हणते. मितेशने फोन धरला आहे. मी बोलू शकत नाही म्हणून लिहितो, तो वाचून सांगतो. घसा बसला आहे म्हणून सांग तिला

विचारते, आजोबा वर का बघतोस

सांग, वर घार आहे. ती बघतो आहे. खरेच आहे. छोटी. गोल गोल फिरते, तू फिरत होतीस तशी. आता ती खाली